नाथाचं अनुमोदन

पंचवटीत गंगेला उतरायला पायऱ्या काही कमी नाहीत, पण माणसाने बोलायला शिकावं कसं याच्याही पायऱ्या असतात, हे नाथा यादवाला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. त्या पायऱ्या केसोपंत वकिलांनी काढल्या होत्या. एकूण सात.

केसोपंतांचं ‘वक्तृत्वसंवर्धक मंडळ’ दर रविवारी दुपारी चार वाजता पुलाजवळच्या धर्मशाळेच्या माडीवर भरायचं. सिंहस्थ होऊन तीनेक वर्षं झाली होती. त्या पर्वणीत नाशकाने इतकी व्याख्यानं ऐकली, की पर्वणी संपल्यावर ज्याला त्याला आपणही बोलावं असं वाटू लागलं. ऐकणारे उरले नाहीत ही गोष्ट निराळी. केसोपंतांनी त्याच्यावरही तोड काढली. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत ऐकायचं. त्यामुळे मंडळात टाळ्या भरपूर पडत. आज मी तुझ्यासाठी वाजवतो, पुढच्या रविवारी तू माझ्यासाठी वाजव, असा रोकडा व्यवहार.

पहिली पायरी म्हणजे नुसतं उभं राहणं. तोंड मिटून, हात सरळ ठेवून, समोर बघत एक मिनिट. दुसरी पायरी अनुमोदन देणं. तिसरी सूचना मांडणं, चौथी पाहुण्यांचा परिचय करून देणं, पाचवी आभार मानणं, सहावी तीन मिनिटांचं भाषण आणि सातवी आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलणं. सातव्या पायरीवर त्या वेळी एकटे केसोपंतच उभे होते. आपल्याला आयत्या वेळचा विषय ते स्वतःच देत आणि तो आदल्या रात्री त्यांनी पाठ केलेला असे.

या मंडळात नाथा कसा शिरला, ते सांगायला हवं. नाथा टांगेवाला. मूळचा मखमलाबादचा. धर्मशाळेसमोरच्या पटांगणात पंचवटीच्या टांग्यांचा अड्डा होता, तिथे त्याचा टांगा उभा असे. चाळीस टांगे होते आणि रेल्वेने येणारा यात्रेकरू पुलावरून उतरला, की पहिलं पाऊल त्या अड्ड्यावरच टाकायचा. केसोपंतांना रोज कोर्टात न्यायचं काम नाथाकडे होतं. केसोपंत टांग्यातही भाषणाचा सराव करत. नाथा पुढे बसून ऐके आणि त्याला वाटे, आपल्यात एक तरी माणूस असा बोलणारा पाहिजे.

पाहिजे होताच. कारण धर्मशाळेच्या विश्वस्तांचा डोळा पटांगणावर होता. मोटरसर्व्हिसवाल्या एका कंत्राटदाराला ती जागा हवी होती. टांगेवाल्यांनी उठून तपोवनाच्या वाटेवरच्या माळावर जावं, अशी बोलणी कानावर येत होती. त्या माळावर सकाळी गुराखी जात आणि संध्याकाळी गुरं परत येत. उतारू म्हणून तिथे कुणी फिरकत नसे. अड्डा गेला तर चाळीस घरांची चूल गेली, इतका सरळ हिशेब होता.

“एक दिवस सभा भरवतील न् आपल्याला विचारतील,” नाथा अड्ड्यावर म्हणाला. “तवा बोलणार कोन? आपल्यातला कुणीबी उभा राह्यला, की शिव्या देतो नायतर रडतो.”

“तू बोल ना मग,” इनायत म्हणाला. इनायत अड्ड्यावरचा सगळ्यात जुना टांगेवाला. दाढी पांढरी, घोडं काळं आणि जीभ दोन्हीपेक्षा तिखट. “उतारू गटवताना तर तुझं तोंड बंद होत नाही.”

“उतारू निराळा न् सभा निराळी, चाचा. सभेत माझ्या तोंडाला पाणी सुटत नाय, कोरड पडती.”

म्हणून नाथाने एका सकाळी कोर्टाच्या वाटेवर मान मागे वळवून केसोपंतांना विचारलं. केसोपंत क्षणभर विचारात पडले. टांगेवाला मंडळात! पण त्यांची एक अडचण होती. दर रविवारी अध्यक्षाच्या नावाची सूचना मांडावी लागे आणि तिला कुणीतरी अनुमोदन द्यावं लागे. हे अनुमोदन द्यायला कुणीच तयार नसायचं. सगळ्यांना भाषण करायचं होतं. धान्याच्या दुकानाचा मालक ‘स्त्रीशिक्षण’ या विषयावर तयारी करून येई आणि त्याच्या दोन्ही मुली घरी तांदूळ निवडत बसत. एक पेन्शनर ‘वक्तशीरपणा’वर बोलायला पाऊण तास उशिरा आला होता. एका मास्तरांनी ‘मौनाचे महत्त्व’ चाळीस मिनिटं सांगितलं. अशा मोठ्या मंडळींनी उठून एका वाक्यात खाली बसावं, म्हणजे त्यांचा अपमान.

“ये तू,” केसोपंत म्हणाले. “वाणीला जात नसते, नाथा.”

जात नसली तरी वाणीला जागा असते, हे ते बोलले नाहीत. नाथाची जागा दाराजवळच्या सतरंजीच्या कडेला ठरली.

पहिली पायरी नाथाने एका झटक्यात पार केली. एक मिनिट गप्प उभं राहणं टांगेवाल्याला कसलं अवघड? दुसऱ्या पायरीवर केसोपंतांनी त्याला वाक्य पढवलं: “अध्यक्ष महाराज आणि सभ्य गृहस्थहो, आताच मांडण्यात आलेल्या सूचनेला मी मनःपूर्वक अनुमोदन देतो.” एवढं म्हणून हात जोडायचे आणि बसायचं. सूचना मांडून झाली, की सभेत क्षणभर शांतता पडते. त्या शांततेत केसोपंत चष्मा काढून उपरण्याच्या टोकाने पुसतील आणि दाराकडे बघतील. ते बघितलं, की उठायचं.

नाथाने हे वाक्य तबेल्यात घोडीपुढे घोटलं. घोडी शेपटीने माशा मारत ऐकायची. त्याच्या बायकोला, धोंडाबाईला, आधी वाटलं नवऱ्याला झपाटलंय.

“कुनाला हात जोडताय घोडीफुडं?”

“अनुमोदन देतोय.”

“म्हंजे काय देताय?”

“दुसऱ्यानं काय सांगितलं, की आपण उठून म्हनायचं, बराबर हाय.”

“ह्ये शिकाया माडीवर जावं लागतं व्हय? माझ्या सासूनं मला फुकटात शिकवलं.”

नाथाला राग आला. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. मंडळाच्या इतिवृत्ताची नक्कल त्याने मागून आणली होती. तिच्यात लिहिलं होतं: ‘अनुमोदक, रा. रा. नाथा यादव’. त्याने बोट ठेवून ते वाचून दाखवलं.

“रा. रा. म्हंजे?”

“मोठ्या मान्साच्या नावाआधी लावत्यात.”

“मला वाटलं रडतराव,” धोंडाबाई म्हणाली. “घोड्यावर बसवलाय म्हणून.”

दिवस गेले. नाथाच्या मागून आलेले लोक पुढे गेले. कापडदुकानातला गुमास्ता दोन महिन्यांत सूचनेवर चढला, चार महिन्यांत परिचयावर. तलाठ्याचा भाचा सरळ आभारावरच येऊन बसला, कारण तलाठ्याशी केसोपंतांचं काम होतं. नाथा अनुमोदनावर होता तिथेच. सहा महिन्यांनी त्याने भीत भीत विचारलं, “साहेब, तिसरी पायरी?”

“पाया पक्का होऊ दे,” केसोपंत म्हणाले.

आणखी चार महिन्यांनी पुन्हा विचारलं. “तुझं ‘मनःपूर्वक’ अजून ‘मनपूरक’ होतंय,” केसोपंत म्हणाले. “विसर्ग स्वच्छ आला पाहिजे.” नाथा विसर्गाच्या मागे लागला. टांगा हाकताना तो ‘मनःऽ मनःऽ’ करी आणि घोडीला वाटे आपल्याला थांबायला सांगतोय. ती भर रस्त्यात थांबे. मागचे टांगेवाले आईबाप काढत.

पाया एवढा पक्का कुठल्या इमारतीचा नसेल. चौदा महिने, दर रविवारी, कधी कधी एकाच सभेत दोनदा. मंडळात कुणी काहीही सुचवलं, चहाची वेळ बदलायची असो की सतरंजी झाडायची, शांतता पडायची, चष्मा पुसला जायचा आणि दाराजवळून आवाज यायचा. सभेतली मंडळी तर नाथाला नाथा म्हणेनाशी झाली. “अनुमोदन आलं का?” असं विचारत. टांगा बाहेर लावून तो धावत जिना चढे आणि त्याला वाटे, आपल्यावाचून यांचं अडतं. अडत होतंच. कोपऱ्यात खुंटी नसली तर टोपीचं अडतं, तसं.

आणि मग ती सभा आली.

धर्मशाळेचे दिवाणजी अड्ड्यावर आले आणि गोड आवाजात सांगून गेले, की बुधवारी दुपारी माडीवर टांगेवाल्यांची सभा आहे, सगळ्यांनी यावं, तुमच्या सोयीचाच विचार आहे. अध्यक्ष कोण? विश्वस्तांचे वकील, केसोपंत.

“बघ,” इनायत म्हणाला. “घोडा त्यांचा, लगाम त्यांचा, आता चारापण तेच घालणार.”

“नाय चाचा,” नाथा म्हणाला. “अध्यक्षाला बाजू नसती. अध्यक्षानं नियम बघायचा असतो. मी चौदा म्हैने बघतोय.” मग त्याने सगळ्यांना गोळा करून घोड्यांच्या हौदावर बसवलं. त्या दिवशी नाथा जे बोलला ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं, पण ते पायरीवर बसत नसल्यामुळे कुणी मोजलं नाही.

“नीट ऐका,” तो म्हणाला. “ते ठराव मांडतील. टांगेवाले राजीखुशीनं अड्डा सोडतात, असा. ठराव मांडला की त्येला अनुमोदन लागतं. दुसऱ्या कुणीतरी उठून ‘बराबर हाय’ म्हनावं लागतं. न् ह्यो ठराव आपल्या राजीखुशीचा, तवा अनुमोदन आपल्यातल्याच कुणीतरी द्यावं लागंल. कुणी दिलंच नाय तर? ठराव आपोआप पडतो. मेला. त्येच्यावर मत नाय, काय नाय. तवा दिवाणजी खाली बसला, की समद्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. खोकायचं बी नाय. ठराव पडला, की मी उठतो न् आपलं म्हननं मांडतो.”

इनायत हळूच म्हणाला, “वा रे नाथा. लई पोचलास की.” इनायतने चांगलं म्हटलेलं अड्ड्यावर कुणी कधी ऐकलं नव्हतं. नाथाचे डोळे भरून आले.

नाथाचं भाषण तयार होतं. तीन दिवस घोडीने दुसरं काही ऐकलं नाही. त्यात पुराच्या वर्षी टांगेवाल्यांनी धर्मशाळेतली म्हातारी माणसं पाठीवर घेऊन वर आणली त्याची हकीकत होती. शेवटी, आम्हाला माळावर घालवणं म्हणजे मासा झाडावर टांगणं, असं एक वाक्य होतं. ते त्याला स्वतःला फार आवडलं होतं.

बुधवारी माडी भरली. एका बाजूला गादीवर विश्वस्त, दुसऱ्या बाजूला टांगेवाले, चपला हातात धरून. नाथाला पुढे बसवायला इनायतने ओढलं, पण तो सवयीने दाराजवळ सतरंजीच्या कडेला जाऊन बसला.

दिवाणजींनी कागद उघडून ठराव वाचला. टांगेवाले बंधूंच्या सोयीकरिता, घोड्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून, अड्डा तपोवनाच्या वाटेवर नेण्यात यावा व टांगेवाले यास राजीखुशीने मान्यता देत आहेत. दिवाणजी बसले.

“टांगेवाल्यांपैकी कुणाचं अनुमोदन?” केसोपंतांनी विचारलं.

शांतता पडली. चाळीस टांगेवाले दातावर दात धरून बसले. कुणी हललं नाही, कुणी खोकलं नाही. गादीवरच्या एका शेटजींनी दिवाणजींकडे काळजीने बघितलं. ठराव पडत होता. नाथाने सांगितलं होतं अगदी तसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडत होता. आणखी थोडा दम धरला असता तर धर्मशाळेच्या माडीवरून तो गंगेत गेला असता.

केसोपंतांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकाने पुसला. आणि दाराकडे बघितलं.

त्यांनी मुद्दाम केलं की त्यांनाही सवयच होती, हे त्यांचं त्यांना ठाऊक. नाथा उठला. तो भाषणाला उठला असं त्याला वाटत होतं. पुराची हकीकत त्याच्या जिभेवर होती. त्याने हात जोडले, तोंड उघडलं आणि खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता, म्हणाला:

“अध्यक्ष महाराज आणि सभ्य गृहस्थहो, आताच मांडण्यात आलेल्या सूचनेला मी अनुमोदन देतो.”

आणि बसला.

बसल्यावर त्याला कळलं. तो पुन्हा उठला. “नाय साहेब... ते नव्हं... मला...”

“अनुमोदकांनी बसावं,” केसोपंत म्हणाले. “एकदा दिलेलं अनुमोदन परत घेता येत नाही.”

आणि नाथा बसला! चौदा महिन्यांत ‘बसावं’ म्हटल्यावर बसायचंही शिकून झालं होतं.

तरी मत बाकी होतं. चाळीस जण होते. त्यांनी हात वर केले नसते तर विश्वस्तांना राजीखुशी दाखवता आली नसती. पण ते एकमेकांकडे बघू लागले. नाथा शिकलेला. नाथाने नियम सांगितला होता, आणि नाथानेच तो मोडला, म्हणजे त्यात काहीतरी असणार. “डाव हाय,” मागून कुणीतरी कुजबुजलं. “त्येनं उठून वकिलाला पेचात धरलंय.” “मंग हात वर करायचा?” “नाथानं केलंय ना? कर.” एक हात वर गेला, मग दहा, मग सगळे. ज्या माणसावर कधी कुणी विश्वास टाकला नव्हता, त्याच्यावर अड्ड्याने एकदाच टाकला आणि तोही एकमताने. फक्त इनायतने हात मांडीखाली दाबून धरला होता.

“ठराव एकमताने मंजूर,” केसोपंत इनायतकडे न बघता म्हणाले. “आता सभेचे आभार,” त्यांनी चष्मा चढवला, “आपले नाथा मानतील.”

पाचवी पायरी. मधल्या दोन गाळून. नाथा यंत्रासारखा उठायला लागला तेव्हा गर्दीतून वाट काढून आलेल्या इनायतने त्याची बाही धरून त्याला खाली खेचलं.

“बस खाली,” तो दात खाऊन म्हणाला. “अड्डा दिलास. आता आभार पण देतो? घरात अजून काय उरलंय ते बघून ये आधी.”

जिना उतरताना टांगेवाले नाथाभोवती जमले. पुढे काय, असं विचारत होते. डाव कधी उघडायचा? नाथाला सांगावं लागलं, की डाव नव्हता, तोंडातून निघून गेलं. हे सांगायला कुठलीच पायरी नव्हती. आधी कुणाला पटेना. मग पटलं. मग जे बोलणं झालं, त्यात ‘सभ्य गृहस्थहो’ सोडून सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी नाथा केसोपंतांच्या घरी गेला. केसोपंत अंगणात दात घासत होते. नाथा पायरीपाशी उभा राहिला.

“साहेब, माझं चुकून झालं. तुम्हाला म्हाईत हाय. तुम्ही तेवढं कागदावरून काढा.”

केसोपंतांनी चूळ भरली. “इतिवृत्तात लिहिलेलं काढता येत नाही, नाथा. पण काल तू छान बोललास. आवाज स्वच्छ, हात बरोबर.” ते थोडे थांबले. “फक्त ‘मनःपूर्वक’ राहिलं.”

“साहेब, चाळीस घरं हायत,” नाथा म्हणाला.

“सभेत बोलायचं होतंस,” केसोपंत म्हणाले. “त्यासाठीच तर मंडळ आहे. रविवारी ये. तुला सूचनेवर घेतो.”

“सूचना काय, तुमचं पाणी आणायला बी यायचा नाय मी,” नाथा म्हणाला. “न् कोर्टाला उद्यापासून चालत जा. मोकळी हवा मिळंल.”

हे बोलताना त्याची जीभ कोरडी पडली नाही. पण केसोपंतांनी तोवर तोंडावर पाणी मारलं होतं. ते टॉवेल शोधत होते. त्यातलं त्यांना किती ऐकू आलं, कोण जाणे.

महिनाअखेरीस अड्डा हलला. पटांगणात मोटरीची पाटी लागली. ठरावाची छापील प्रत धर्मशाळेच्या दाराला डकवली होती आणि तिच्यात खाली ‘अनुमोदक, रा. रा. नाथा यादव’ असं होतं. नाथाचं नाव छापून येण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ. धोंडाबाईला वाचता येत नव्हतं. तिने ते एका पोराकडून वाचून घेतलं, पण घरी येऊन नवऱ्याला काही बोलली नाही. भाकरी वाढली आणि बाजूला बसली. तिची थट्टा तोंडपाठ असलेल्या नाथाला ते सगळ्यात जास्त लागलं.

माळावरच्या पहिल्या दिवशी चाळीस टांगे रांगेत उभे राहिले. घोड्यांना मोकळी हवा भरपूर मिळाली. उतारू मिळाला नाही. टांगेवाले चकाट्या पिटत बसले, नाथाकडे पाठ करून. दुपार झाली तेव्हा विदर्भाकडचं एक कुटुंब वाट चुकून तिकडे आलं. डोक्यावर बोचकी, बरोबर एक म्हातारी, तिचे पाय सुजलेले. घरातला कर्ता माणूस रांगेतल्या पहिल्याच टांग्यापाशी आला. तो टांगा नाथाचा होता.

“का हो, ती मोटर कुठून सुटते?”

सगळ्या टांग्यांवरच्या माना वळल्या.

“धर्मशाळेपासून,” नाथा म्हणाला.

“लांब आहे का? आई चालेल का तिथवर?”

नाथाने म्हातारीच्या पायांकडे बघितलं. खाली उतरला, मागची फळी पाडली आणि तिला हाताला धरून वर बसवलं. मग बोचकी चढवली. मोटरला उतारू नेऊन घालणारा टांगेवाला! रांगेतून कुणीतरी थुंकलं.

“ले जा, ले जा,” इनायत आपल्या टांग्यावरून ओरडला. “आज अड्ड्यावरचं एकच भाडं, आणि तेही आपल्याच जुन्या अड्ड्याला!”

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघे हसले. नाथाने लगाम उचलला आणि घोडीला पुलाच्या दिशेने वळवलं.